बादलीच्या जागी मी

"आता हिला इथेच मरायचं होतं का? माझं पातेलं ठेवायला वीतभर जागा नाही, आणि ही महाराणी बघा, कशी ऐसपैस उभी!"

मित्रांनो, सकाळी सहाच्या सुमाराला, पुटपुटल्यासारखं पण मला नीट ऐकू जाईल अशा बेताने, हे बोलल्या त्या दोन्या तोमासा. इथे आदराने बाईला दोन्या म्हणतात, पुरुषाला दॉन. मिर्तो गल्लीच्या कोपऱ्यावर त्या तामाले विकतात. मक्याच्या पानांत गुंडाळलेलं पीठ त्यांच्या पातेल्यात वाफवत असलं की अख्खी गल्ली भुकेने जागी होते. आणि ती महाराणी म्हणजे मी.

मी एक जुनी, विजेवर चालणारी, एका कंपनीने भाड्याने द्यायला रस्त्यावर ठेवलेली स्कूटर आहे. बसायची नव्हे, उभ्याने चालवायची. एक फळी, दोन लहान चाकं, एक उंच दांडा आणि वर दोन मुठी, एवढाच माझा देह. ऐसपैस उभी राहीन इतकं अंग मला कुठे आहे! पण दोन्या तोमासांशी वाद घालणं मेक्सिको शहरात अजून कोणाला जमलेलं नाही, आणि मला तर तोंडही नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या दांड्यातून तार ओवली, दुसरीने चाकं आवळली, तिसरीने पाठीवर ४११७ हा आकडा चिकटवला. मला हिरवा रंग दिला. मग खोक्यात घालून, जहाजाच्या पोटात बसवून या शहरात आणलं. इथे माझं स्वागत मोठ्या थाटात झालं. कडक इस्त्रीचे एक साहेब माझ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "शहराचं भविष्य आलं आहे." फोटो निघाले. फोटो संपल्यावर साहेब भविष्यावरून खाली उतरले आणि काळ्या काचांच्या मोठ्या गाडीत बसून निघून गेले.

माझ्या पोटात एक लहानसा भोंगा होता. फोनवरून माझं कुलूप न उघडता कोणी मला ओढायला लागलं की माझी चाकं जखडली जात आणि मी किंचाळू लागे. कारखान्याने मला तेवढं एकच वाक्य शिकवलं होतं. पुढे ज्या दिवशी ते बोलायची खरी गरज पडली, त्या दिवशी ते मला बोलता आलं नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मात्र मी खूप फिरले. एकदा एका माणसाने पुतणीच्या पंधराव्या वाढदिवसाचा केक एका हातावर तोलत मला चालवलं. तीन मजली गुलाबी केक! रस्त्यात खड्डे असे की आतलं सगळं हलावं, पण केकवरचं एक फूलही ढळलं नाही. उतरल्यावर त्याने बोटभर क्रीम माझ्या मुठीला लावलं आणि म्हणाला, "घे, तुझा वाटा." मित्रांनो, आजवर मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

वाईटही पुष्कळ केलं. मी म्हणजे माझ्यावरच्या माणसांनी, पण लोकांनी ते माझ्याच नावावर मांडलं. कोणी मला फुटपाथवरून भरधाव नेलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची छाती दडपली. कोणी काम झाल्यावर मला बरोब्बर दारात उभं करून गेलं. दोघं दोघं चढायचे, तिघंही एकदा चढले. मिर्तो गल्लीत वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवणाऱ्या रेमेदिओसबाई शटर वर ढकलता ढकलता रोज म्हणत, "श्रीमंतांच्या पोरांची खेळणी! खेळून झालं की रस्त्यात टाकायची, उचलायला आई येणार आहे!" त्यांचं सगळंच काही चूक नव्हतं.

पण इत्सेल श्रीमंताची पोर नव्हती.

इत्सेल एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. साडेसहाला हजर व्हायचं म्हणजे साडेपाचला घर सोडायचं, आणि त्या वेळी गल्लीतून मेट्रोपर्यंत एकही मिनीबस नसे. ती फोन माझ्यासमोर धरायची, मी एक बारीक शीळ घालायची, आणि आम्ही निघायचो. जकरांडाच्या झाडांखालून, गळालेल्या जांभळ्या फुलांवरून, अकरा मिनिटांत मेट्रोच्या दाराशी. संध्याकाळी ती परतताना मला शोधून पुन्हा आणायची. आता तुम्ही म्हणाल, अशा हजार स्कूटरी असतात. असतात खऱ्या. पण माझा ब्रेक किंचित डावीकडे ओढतो हे तिला ठाऊक होतं, आणि तिला तेच आवडायचं.

एकदा दोन्या तोमासांनी तिला अडवलंच. "का ग पोरी, देवाने दिलेल्या पायांना काय झालं? तू उडत जातेस, आणि माझी गिऱ्हाइकं तुमच्या या खेळण्यांना वळसा घालून रस्त्यात उतरतात, त्याचं काय?"

"दोन्या तोमासा, पहाटे साडेपाचला पाठीमागे कोणाची तरी पावलं वाजायला लागतात ना, तेव्हा मला पाय नको असतात. चाकं हवी असतात."

दोन्या तोमासांनी पातेल्याचं झाकण उचललं. माझ्या माहितीत त्यांनी वाद अर्धवट सोडल्याची ती पहिली वेळ. त्यांनी हिरव्या चटणीचा एक तामाल पावात घालून कागदात गुंडाळला आणि इत्सेलच्या पिशवीत कोंबला. "खा वाटेत. आणि दोन्ही हातांनी धर तिला, एका हाताने खाऊ नकोस. पडलीस तर पुन्हा मलाच ऐकावं लागेल." तेव्हापासून तो तामाल रोजचा झाला. माझ्यावरची कुरकुरही रोजची राहिली, हे सांगायला हवं.

इत्सेल तिच्या मामांकडे राहायची. मामा म्हणजे दॉन निकानोर. ते लहानपणापासून आंधळे होते आणि पियानोचे सूर लावण्याचं काम करायचे. शाळांचे, चर्चचे, नाच शिकवणाऱ्या बायकांचे, कितीतरी पियानो त्यांच्या हाताखालून गेले होते. पियानोच्या पोटातल्या खुंट्या एका लोखंडी किल्लीने केसभर फिरवायच्या असतात. सगळी कला उजव्या मनगटात. पांढरी काठी टेकवत ते गल्लीतून निघाले की बघत राहावं. जकरांडाच्या मुळाने फुटपाथ कुठे उचलला आहे, खांब कुठे आहे, सगळं त्यांना पाठ. "न हलणाऱ्या वस्तूंची मला भीती नाही," ते म्हणायचे. "दोन्या तोमासांचं पातेलं मला वासाने कळतं, आणि स्वतः दोन्या तोमासा दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतात."

"ऐकू येते म्हणूनच तर खपतात तामाले!" दोन्या तोमासा ओरडून उत्तर द्यायच्या.

माझ्याबद्दल मात्र दॉन निकानोरांची एकच तक्रार होती. "बाकी गाड्या येताना सांगून येतात. ही मांजरीसारखी येते. इत्सेल, तुझ्या मांजरीच्या गळ्यात काहीतरी बांध बाई." इत्सेलने खरंच एक पितळी घुंगरू आणलं आणि लाल दोऱ्याने माझ्या मुठीला बांधलं. आता आम्ही वळणावर आलो की ते वाजायचं, आणि दॉन निकानोर फुटपाथवर थांबून, हसून, आम्हाला वाट द्यायचे.

मग एका पावसाळ्यात माझ्या पोटात पाणी शिरलं. एके संध्याकाळी इत्सेलने मला कोपऱ्यावरच्या आखलेल्या चौकटीत, जिथे उभं करायचं तिथेच, नीट सरळ उभं केलं. सकाळी तिने फोन धरला, आणि मला शीळ घालता येईना. भोंगा गेला, दिवा गेला. चाकं जखडली ती जखडलीच. तिने कंपनीला कळवलं. कंपनीने आभार मानले. तिने पुन्हा कळवलं. कंपनीने पुन्हा आभार मानले. न्यायला कोणी आलं नाही. कंपनीच्या नकाशावरून मी पुसली गेले होते, आणि नकाशावर जे नाही ते त्यांच्या लेखी कुठेच नाही. इत्सेल दुसऱ्या स्कूटरने जाऊ लागली. जाताना माझ्या मुठीवर हात ठेवून जायची, बस्स.

आता मला बादल्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला गाडी लावायची जागा कोणाच्याच मालकीची नाही, आणि म्हणून प्रत्येकाच्या मालकीची आहे. गाडी घेऊन बाहेर जाताना माणूस आपल्या जागेवर काहीतरी ठेवून जातो. कोणी मोडकी खुर्ची, कोणी फळांचं खोकं, कोणी सिमेंट भरलेली बादली. दुसऱ्याची बादली हलवायची नाही, हा इथला कायदा. पोलिसाचा कायदा मोडणारे लोक हा कायदा मोडत नाहीत. सर्वांत देखणी बादली होती दॉन एवारिस्तोंची. निळ्या रंगाने रंगवलेली, सिमेंटमध्ये काठी रोवलेली, काठीच्या टोकाला लाल चिंधी.

दॉन एवारिस्तो गल्लीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता आलं असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण भूकंपाच्या दिवशी भिंती हलत असताना उलटे वर चढून त्यांनीच दॉन निकानोरांना हात धरून चार जिने खाली आणलं होतं. नळ कोरडे पडले की पाण्याच्या टँकरसाठी दिवस दिवस कचेरीच्या बाकावर तेच बसायचे. रेमेदिओसबाईंचा नवरा गेला तेव्हा सगळी व्यवस्था त्यांनी केली. दोन्या तोमासांची भली थोरली पातेली गेली अकरा वर्षं रात्रीची त्यांच्याच अंगणात राहतात, आणि त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढलेला नाही. गल्लीत असं घर नव्हतं ज्याच्यावर त्यांचा उपकार नव्हता.

एका गुरुवारी पालिकेचा ट्रक आला आणि त्याने रस्त्यावरच्या सगळ्या बादल्या, खुर्च्या, खोकी उचलून नेली. निळी बादलीही गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा खुर्च्या मांडल्या, आणि ट्रक पुन्हा आला. दॉन एवारिस्तो कंबरेवर हात ठेवून फुटपाथवर उभे होते. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही कंपनीची मालमत्ता," ते सावकाश म्हणाले. "हिला पालिका हात लावणार नाही."

त्यांनी मला चौकटीतून ओढत पाच-सहा पावलांवर त्यांच्या फाटकापाशी नेलं आणि रस्त्यात, बादलीच्या जागी, उभं केलं. ट्रक आला, माणसांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रक पुढे गेला. गल्ली हसली. रेमेदिओसबाई दुकानातून ओरडल्या, "काय डोकं आहे हो दॉन एवारिस्तो! तुम्हाला तर मंत्री करायला हवं!" दोन्या तोमासांनी त्यांना मक्याच्या पिठाच्या गरम अतोलेचा पेला पाजला. आणि मी, जी दोन वर्षं सगळ्यांची डोकेदुखी होते, ती एका सकाळीत गल्लीची युक्ती झाले.

तेव्हापासून माझं नवं काम सुरू झालं. दॉन एवारिस्तो सकाळी गाडी काढायचे तेव्हा मला फुटपाथवरून रस्त्यात ओढायचे. परत आले की रस्त्यातून फुटपाथवर ओढून भिंतीला टेकवायचे. जखडलेली चाकं दगडावर घासत जात, आणि घुंगरू वाजे. माझा भोंगा जिवंत असता तर मी किंचाळले असते. इत्सेल अंधारात जायची, संध्याकाळी परतायची, तेव्हा मी भिंतीला टेकलेली असे. मी चौकटीतून फाटकापाशी कशी आले हे तिला कळलं नाही. पोरांनी ओढली असेल, असं तिला वाटलं. कोणी तिला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच तेव्हा सगळ्यांना वाटत होतं.

तो मंगळवार होता. सकाळचे आठ. दॉन एवारिस्तो मंडईतून परतले आणि त्यांच्या मागे एक मालाचा ट्रक अडकला. ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढीना. "अहो आजोबा, उद्या निघायचं का?" दॉन एवारिस्तो घाईने उतरले, मला ओढत फुटपाथवर आणलं, भिंतीला टेकवायला म्हणून ढकललं आणि वळले. मी टेकले नाही. घसरले, आणि फुटपाथच्या मधोमध आडवी झाले. घुंगरू एकदा वाजलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. हो, पाहिलं. पण ट्रक ओरडत होता. ते गाडीत बसले आणि जागेत गाडी घालू लागले. जागा तंग. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे.

चार पावलांवर दोन्या तोमासा अतोले ढवळत होत्या. समोर रेमेदिओसबाईंचं शटर अर्धं उघडलं होतं. पाव खाणारी तीन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी मला पडलेलं पाहिलं. प्रत्येकाला वाटलं, उचलतील दॉन एवारिस्तो, गाडी लावून झाली की.

दॉन निकानोर त्याच वेळी घरातून निघाले. त्या दिवशी एका नृत्यशाळेचा पियानो होता. त्यांनी चाकांची ओळखीची खरखर ऐकली होती, घुंगरू ऐकलं होतं. रोजच्यासारखी मी भिंतीला गेले असं समजून ते मधून चालत आले. काठीचं टोक माझ्या चाकात अडकलं. ते पुढे कोसळले, आणि सावरायला त्यांनी उजवा हात पुढे केला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं.

सर्वांत आधी धावले ते दॉन एवारिस्तो. गाडीचं दार उघडं टाकून. त्यांनी दॉन निकानोरांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते ओरडले, "या स्कूटरी! या स्कूटरींनी माणूस मारायचाच बाकी ठेवलाय!"

मित्रांनो, ते खोटं बोलायचं ठरवून बोलले असं मला वाटत नाही. तोंडातून निघालं. आणि दोन्या तोमासा म्हणाल्या, "हो ना." तेवढे दोन शब्द. त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

दुपारपर्यंत गोष्ट तयार झाली होती. स्कूटरींमुळे पडले. संध्याकाळपर्यंत तिला शेपूट फुटलं. ही हिरवी गल्लीत आणली कोणी? इत्सेलने. मामाला पाडलं भाचीच्या लाडक्या खेळण्याने. तोंडावर कोणी बोललं नाही, पण ती आली की बोलणं थांबायचं, आणि थांबलेलं बोलणं बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतं.

भंगारवाल्याची गाडी रोज गल्लीतून जायची, कर्ण्यावर एका लहान मुलीच्या आवाजात जुनं लोखंड मागत. रोज वाटायचं, आज मला देतील. पण दॉन एवारिस्तोंनी मला दिलं नाही. "पुरावा आहे," ते म्हणाले. त्यांनी नवी बादली रंगवली आणि मला दॉन निकानोरांच्या इमारतीच्या दाराशी, पायरीला टेकवून ठेवलं.

त्या पायरीवर एका संध्याकाळी मामा-भाची बसली होती. मामांचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये.

"नृत्यशाळेने दुसऱ्याला बोलावलं," ते म्हणाले. "चांगला आहे पोरगा. कान जरा जाडा आहे."

इत्सेल म्हणाली, "मीच आणली ना तिला. मीच तिथे ठेवली. कंपनीच्या मागे लागायला हवं होतं. रोज कळवायला हवं होतं."

दॉन निकानोर बराच वेळ डाव्या हाताने माझं घुंगरू चाचपत राहिले. "त्या दिवशी हे दोनदा वाजलं," ते म्हणाले. "एकदा ओढताना. एकदा पडताना."

"ओढत होतं कोण, मामा?"

"मला काय दिसतं ग?" ते म्हणाले. "कॉफी गार झाली का बघ."

त्यांना माहीत होतं. ज्या माणसाला पियानोच्या दोनशेवर तारांतली एक किंचित उतरली तर कळतं, त्याला रोज सकाळी घासत जाणाऱ्या चाकांमागची पावलं कोणाची हे कळत नसेल? पण भूकंपात याच पावलांच्या मागोमाग ते जिने उतरले होते. उपकार माणसाच्या तोंडात असा बोळा कोंबतात की शेजारी भाची जळत असली तरी तो काढता येत नाही. त्यांच्यावर मला राग आला. अजून आहे.

इत्सेलने स्कूटर सोडली. ती पावणेपाचला निघून चालत जाऊ लागली, आणि त्या वेळी दोन्या तोमासांचं पातेलंही मांडलेलं नसे. तामाल तसाच राहायचा. पाच-सहा दिवसांनी दोन्या तोमासांनी तिला संध्याकाळी गाठलं.

"काय ग, माझ्या हातची चव गेली का?"

"नाही हो. मी सोमवारी त्लास्कालाला जातेय. आईकडे. कायमची."

"आणि मामा?"

"त्यांचं प्लास्टर बघवत नाही मला. जेवताना ते डाव्या हाताने चमचा धरतात आणि सांडलं तर मला कळू नये म्हणून बाहीने पुसतात." ती रडत नव्हती. "इथे राहून तरी काय करू, दोन्या तोमासा? सगळे माझ्याकडे असे बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे."

दोन्या तोमासांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चटकन नजर वळवली.

रविवारी, बाराच्या प्रार्थनेनंतर, कोपऱ्यावरच्या देवीच्या कोनाड्यासमोर गल्लीची सभा भरली. घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चाळीसएक माणसं असतील. मला मधोमध भिंतीला टेकवलं होतं आणि माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला होता: 'आमच्या गल्लीत नको.' पुढच्या टेबलावर निवेदन आणि पेन. मिर्तो गल्लीत एकही स्कूटर उभी राहू देऊ नये, आखलेली चौकट पुसून टाकावी, अशी मागणी.

दॉन एवारिस्तो बोलले. ते बोलायचे छान. "आम्ही काही प्रगतीच्या आड येणारी माणसं नाही," ते म्हणाले. "पण आमचा एक माणूस, एक कलावंत, आज आपल्या हाताला मुकला आहे." त्यांनी बोलता बोलता माझ्या मुठीवर हात आपटला, आणि घुंगरू वाजलं. ते किंचित दचकले. पहिल्या रांगेत बसलेल्या दॉन निकानोरांनी मान वर केली.

"एक विचारू?" दॉन निकानोर म्हणाले. आवाज मऊ होता. "ती पडली कशी, हे कोणी पाहिलं का?"

रेमेदिओसबाईंना पर्समध्ये एकाएकी काहीतरी शोधायचं होतं. त्या मंगळवारी पाव खाणाऱ्या तिघांपैकी दोघं तिथे होते. त्यांनी आपले बूट पाहिले. दॉन एवारिस्तोंनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

त्या शांततेत मला वाचा असती, मित्रांनो, तर मी तुम्हाला एवढंच सांगितलं असतं. कोणतीही वस्तू स्वतःहून वाटेत येत नाही. तिला तिथे कोणीतरी आणलेलं असतं, आणि कोणीतरी तिला पाहिलेलं असतं. मला वापरा, मला कंटाळा, मोडले तर भंगारात द्या. माझी तक्रार नाही. पण मी आडवी पडलेली दिसले तर आधी उचलून बाजूला ठेवा. कोणी टाकली ते नंतर विचारा, पण विचारा. आणि माझ्या नावावर काही लिहायचं असेल तर जे मी केलं तेवढंच लिहा. आंधळ्या माणसाच्या वाटेत मला नेऊन टाकणारे हात माझे नव्हते.

पण मला वाचा नव्हती. तेव्हा उठली ती इत्सेल.

"पहिली सही माझी घ्या," ती म्हणाली. "मीच आणली होती तिला." ती टेबलापाशी गेली आणि तिने पेन उचललं. दॉन एवारिस्तोंनी निवेदनाचा कागद तिच्याकडे सरकवला. तिच्याकडे न बघता, पण सरकवला.

"पेन खाली ठेव, पोरी."

दोन्या तोमासा मागच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. कामाचा एप्रन नव्हता, तरी दोन्ही हात सवयीने पोटाशी पुसत होत्या.

"दोन्या तोमासा, आपलं नंतर ऐकू," दॉन एवारिस्तो हळूच म्हणाले.

"नंतर नाही. बारा दिवस नंतरच चाललंय." त्या खुर्च्यांमधून पुढे आल्या. माझ्यापाशी थांबल्या, आणि माझ्या गळ्यातला पुठ्ठा काढून त्यांनी खुर्चीवर उपडा टाकला. "माझी पातेली अकरा वर्षं तुमच्या अंगणात आहेत. देव तुमचं भलं करो. उद्यापासून कुठे ठेवायची ते मी बघेन."

"अहो, पातेल्यांचा इथे काय संबंध?"

"आहे. म्हणून तर मी गप्प होते." त्यांचा आवाज एरवी दोन गल्ल्यांत ऐकू जायचा, आत्ता तो जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत पोहोचत होता, आणि तरी प्रत्येकाने तो ऐकला. "या पोरीने तिला चौकटीत उभं केलं होतं. तिथून बादलीच्या जागी नेली तुम्ही, दॉन एवारिस्तो. आणि त्या मंगळवारी वाटेत टाकलीत तीही तुम्हीच. मी चार पावलांवर उभी राहून अतोले ढवळत होते. मी पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."